सव्वा महिना थांबू नका: बाळाच्या कानांसाठी पहिले २१ दिवस महत्त्वाचे

आमच्या भावकीत एक पोरगं आहे. अडीच वर्षांचं झालं तरी बोलेना. घरातले म्हणायचे, "याचा बाप पण उशिरानंच बोलला होता." आजीनं मागून ताट वाजवून बघितलं, पोरानं मान वळवली. म्हणजे ऐकू येतंय, असं सगळ्यांनी धरलं. पुढं अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवलं. तिथं कानाची 'बेरा' तपासणी झाली आणि कळलं की पोराला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं.

बापानं विचारलं, "साहेब, कशामुळं झालं? आमच्यात कुणी बहिरं नाही. नात्यातलं लग्न पण नाही." डॉक्टर म्हणाले, "सीएमव्ही नावाचा विषाणू असू शकतो. पण आता ते सांगता येणार नाही. ते कळायची वेळ जन्मानंतरचे पहिले एकवीस दिवस असते."

मी त्या दिवशी सोबत होतो. हे नाव मी पण पहिल्यांदाच ऐकलं. आपल्याकडं डेंग्यू, गोवर, पोलिओ सगळ्यांना माहीत आहे. पण जन्मापासून किंवा लहानपणी येणाऱ्या, आनुवंशिक नसलेल्या बहिरेपणाच्या कारणांत हा विषाणू जगभर सर्वात वरच्या नंबरात आहे, तरी गावात त्याचं नाव कुणी घेत नाही. म्हणून ही माहिती, जमेल तितक्या सोप्या भाषेत.

सीएमव्ही म्हणजे काय?

पूर्ण नाव सायटोमेगॅलोव्हायरस. हा ज्या पेशीत शिरतो ती पेशी फुगून मोठी होते, त्यावरून हे नाव पडलं. कांजिण्यांचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. एकदा अंगात शिरला की जन्मभर झोपल्यासारखा पडून राहतो. ताकद कमी झाली की मधूनच जागा होतो.

घाबरण्यासारखं एवढंच नाही. आपल्या देशात बहुतेक मोठ्या माणसांना तो लहानपणीच कधीतरी होऊन गेलेला असतो. थोडा ताप, थोडी कणकण, नाहीतर काहीच नाही. तुम्हाला, मला, शेजाऱ्याला होऊन गेला असेल आणि पत्ताही लागला नसेल. धडधाकट माणसाला तो त्रास देत नाही. त्रास होतो तो पोटातल्या बाळाला, फार कमी दिवसांच्या बाळाला आणि ज्याची प्रतिकारशक्ती खूप कमी झाली आहे अशा रुग्णाला.

हा पसरतो लाळ, लघवी, अश्रू, आईचं दूध, रक्त आणि शरीरसंबंध यांतून. त्यासाठी जवळचा संपर्क लागतो. गोठ्यातल्या जनावरांपासून, कुत्र्या-मांजरापासून हा येत नाही. माणसाचा सीएमव्ही माणसाकडूनच माणसाला होतो.

बाळापर्यंत कसा जातो?

बाई गरोदर असताना तिला पहिल्यांदाच हा संसर्ग झाला, तर साधारण तीनातल्या एका बाळापर्यंत तो वारेतून पोचतो. पहिल्या तीन महिन्यांत पोचला तर नुकसान जास्त होतं, कारण तेव्हा बाळाचा मेंदू आणि कान घडत असतात.

मग आपल्या बायकांना तर तो आधीच होऊन गेलेला असतो, म्हणजे धोका नाही का? तसं नाही. झोपलेला विषाणू गरोदरपणात जागा होऊ शकतो, किंवा त्याच विषाणूचा दुसरा प्रकार बाहेरून येऊ शकतो. अशा वेळी बाळापर्यंत जायची शक्यता बरीच कमी असते, शंभरात एखादी. पण आपल्याकडं अशा आयांची संख्याच एवढी मोठी आहे की एकूण बाळांचा आकडा लहान राहत नाही. आणि बाळाला लागण झालीच, तर कानाला धोका तेवढाच राहतो.

किती बाळांना त्रास होतो?

अमेरिकेत साधारण २०० बाळांमागं एक बाळ हा विषाणू घेऊन जन्मतं. आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण त्याहून कमी नाही, जास्तच धरतात.

अशी १०० बाळं डोळ्यांसमोर आणा. त्यातली साधारण १० जन्मताच आजारी दिसतात. उरलेली ९० एकदम ठणठणीत वाटतात. त्या आजारी १० पैकी जवळपास निम्म्यांना पुढं कान, डोळे, बुद्धी किंवा हातापायांची अडचण येते. आणि त्या ठणठणीत ९० पैकी सुद्धा दहा-बारा मुलांचं ऐकणं पुढं कमी होतं. कुणाचं वर्षभरात, कुणाचं तीन-चार वर्षांनी. कधी एकाच कानाचं जातं, त्यामुळं घरात कळतच नाही.

म्हणजे एकूण बघितलं तर पाचातल्या चार बाळांना काही होत नाही. पण पाचव्याला ओळखायचं तर लक्ष ठेवावं लागतं.

जन्मल्यावर काय दिसतं?

यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा:

- दिवस पूर्ण भरूनही वजन फार कमी असणं
- डोकं लहान असणं
- अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके, जे बोटानं दाबले तरी फिके पडत नाहीत
- लवकर सुरू झालेली किंवा लांबलेली कावीळ
- पोट फुगलेलं, यकृत किंवा प्लीहा वाढलेली
- झटके येणं
- रक्तात प्लेटलेट कमी असणं
- कानाच्या पहिल्या तपासणीत नापास होणं

ही लक्षणं दुसऱ्या आजारांतही असतात. त्यामुळं घरी बसून निदान करायचं नाही. फक्त "सीएमव्हीची तपासणी करायची का?" एवढा एक प्रश्न विचारायचा.

२१ दिवसांचा हिशोब

तपासणी बाळाच्या लघवीची किंवा लाळेची होते. तिला पीसीआर म्हणतात. कोरोनात नाकात काडी घालून जी तपासणी करायचे, तशीच पद्धत. लाळेसाठी गालाच्या आत कापसाची काडी फिरवतात. लघवीसाठी छोटी पिशवी चिकटवतात. सुई नाही, बाळाला त्रास नाही. लाळ घेणार असतील तर बाळाला पाजून तासाभरानं घ्यायला सांगा, कारण आईच्या दुधातला विषाणू तोंडात राहिला तर निकाल चुकू शकतो. लाळेचा निकाल पॉझिटिव्ह आला तर लघवीची तपासणी करून पक्कं करतात.

ही तपासणी जन्मापासून २१ दिवसांच्या आत का? कारण बाळ जन्मल्यावर सुद्धा त्याला हा विषाणू लागू शकतो, आईच्या दुधातून, भावंडांच्या लाळेतून. तसा लागला तर दिवस भरलेल्या बाळाला सहसा काही होत नाही. पण तीन आठवड्यांनंतर लघवीत विषाणू सापडला, तर तो पोटातून आला की बाहेरून लागला, हे सांगता येत नाही. पेरणीनंतर पहिल्या पंधरवड्यात उगवण बघितली तर बियाणं कसं होतं ते कळतं. पीक गुडघ्याला लागल्यावर कसं सांगणार? तसंच हे.

आता आपली अडचण बघा. आपल्याकडं सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाही. नजर लागेल, वारं लागेल, विटाळ आहे. बारसं बाराव्या दिवशी होतं, दवाखाना सव्वा महिन्यानंतर. पण २१ दिवस तर त्या सव्वा महिन्याच्या आतच संपून जातात. प्रथा कुणाची मोडायची नाही. पण डॉक्टरांनी बोलावलं असेल तर बाळाला उबदार गुंडाळून घेऊन जायचं, एवढी सवलत प्रथेतून काढता येते.

याच्यात आशाताईंची मदत होते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात. घरी झालं तर पहिल्या दिवशी पण येतात. काही शंका असेल तर ती तिसऱ्या किंवा सातव्या दिवसाच्या भेटीतच सांगा. एकविसाव्या दिवसापर्यंत थांबलात तर वेळ गेली.

ही तपासणी गावच्या आरोग्य केंद्रात होत नाही. नमुना मेडिकल कॉलेजच्या किंवा खासगी लॅबमध्ये जातो. प्रत्येक बाळाची करायची गरज पण नाही. ज्याला लक्षणं आहेत, जे कानाच्या तपासणीत नापास झालं, किंवा गरोदरपणात सोनोग्राफीत डॉक्टरांना काही वेगळं दिसलं होतं, त्याची करायची. अमेरिकेतल्या युटा राज्यानं तर २०१३ साली कायदाच केला, की बाळ कानाच्या तपासणीत नापास झालं तर २१ दिवसांच्या आत सीएमव्ही तपासायचा.

औषध आहे का?

आहे. व्हॅलगॅन्सिक्लोविर नावाचं औषध तोंडानं देतात, तान्ह्या बाळाला पातळ स्वरूपात, सहा महिने. फार आजारी बाळाला गॅन्सिक्लोविर शिरेतून देतात. हे औषध विषाणू कायमचा काढून टाकत नाही, त्याला दाबून ठेवतं. ज्या बाळांना जन्मताच मध्यम किंवा जास्त त्रास आहे, त्यांचं ऐकणं आणि वाढ यात त्यानं काही प्रमाणात फरक पडतो. ते जन्मानंतर पहिल्या महिन्यातच सुरू करायचं असतं. इथं पण वेळ महत्त्वाची.

त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. प्रत्येक पॉझिटिव्ह बाळाला औषध देत नाहीत. ठणठणीत बाळाला सहसा देत नाहीत, त्याच्या कानावर लक्ष ठेवतात. हा निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. मेडिकलमधून आपल्या मनानं आणायचं हे औषध नव्हे. या विषाणूवर लस अजून बाजारात नाही.

कान एकदा पास झाला म्हणजे संपलं नाही

नवजात बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून 'ओएई' तपासणी करतात. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. त्यात नापास झालं तर 'बेरा' करतात. त्यात डोक्याला तारा चिकटवून, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. दुखत नाही.

नियम साधा आहे: एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन किंवा उपचार सुरू. मेंदू बोलणं शिकतो तो काळ हाच. पोर तीन वर्षांचं झाल्यावर मशीन लावलं तर ऐकू येईल, पण बोलणं शिकवायला कष्ट फार पडतात. आमच्या भावकीतल्या पोराला आज तेच कष्ट पडतायत. आई रोज एक-एक शब्द बोलून घेते.

ज्या बाळाला सीएमव्ही निघाला, ते पहिल्या तपासणीत पास झालं तरी पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत कान पुन्हा पुन्हा तपासायचे. आणि ताट वाजवून बघण्यावर विसंबू नका. बहिरं पोरगं सुद्धा जमिनीचा हादरा लागून किंवा सावली हलली म्हणून मान वळवतं. त्यापेक्षा हे बघा: मोठ्या आवाजाला दचकतं का, चार महिन्यांचं झाल्यावर आईच्या आवाजानं शांत होतं का, सहा महिन्यांनी आवाजाच्या दिशेला वळतं का, वर्षाचं झाल्यावर नावाला ओ देतं का, आई-बाबा म्हणतं का. नसेल तर "बोलंल हळूहळू" म्हणत बसू नका.

जायचं कुठं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे आणि जन्मजात बहिरेपणा त्यात आहे. तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत पाठवतात. पथकाची वाट बघायची नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी विचारत सरळ जा. लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राची अ‍ॅडिप योजना आहे, पण त्यात वयाची अट आहे. पोर पाच वर्षांचं व्हायच्या बरंच आधी चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. वर्षाच्या आतलं बाळ आजारी असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध आणि १०२ ची गाडी मोफत आहे.

टॉर्च रिपोर्ट बघून घाबरू नका

गर्भपात झाला की बऱ्याच ठिकाणी 'टॉर्च' तपासणी लिहून देतात. त्यात सीएमव्ही पण असतो. रिपोर्टवर 'आयजीजी पॉझिटिव्ह' आलं की घरात रडारड सुरू होते. पण आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे हा संसर्ग कधीतरी होऊन गेला, एवढंच. आपल्याकडं शंभरातल्या नव्वदच्या पुढं बायकांचा तो पॉझिटिव्हच येणार. 'आयजीएम पॉझिटिव्ह' आला तरी लगेच संसर्ग नवा आहे असं नाही. तो कित्येक महिने राहतो आणि कधीकधी खोटाही येतो. पक्कं करायला पुढच्या तपासण्या असतात. नुसत्या टॉर्चच्या कागदावर मूल पाडायचा निर्णय घेऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांचं दुसरं मत घ्या.

आईचं दूध बंद करायचं का?

नाही. दिवस भरलेल्या बाळाला आईच्या दुधातून हा विषाणू गेला तरी सहसा काही होत नाही. उलट दूध तोडलं तर जुलाब, न्यूमोनिया मागं लागतात. फक्त ३२ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला त्रास होऊ शकतो. तशी बाळं एसएनसीयूतच असतात, तिथले डॉक्टर ठरवतील. सासू किंवा शेजारीण सांगते म्हणून दूध बंद करायचं नाही.

कावीळ आणि पांढरट शी

दोन ते तीन महिन्यांच्या बाळाला कावीळ घेऊन गेलं की पुष्कळदा रिपोर्टमध्ये सीएमव्ही निघतो. तिथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. कावीळ १४ दिवसांच्या पुढं राहिली आणि शी पिवळी न होता पांढरट, चुन्यासारखी होत असेल, तर पित्ताची नळी बंद असू शकते. त्यावर ऑपरेशन आहे, आणि ते ६० दिवसांच्या आत झालं तर फायदा जास्त होतो. काविळीची माळ घालण्यात, उतरवण्यात, उन्हात धरण्यात हे दिवस घालवू नका. शीचा मोबाईलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. लाज वाटायचं काही कारण नाही.

गरोदर बाईनं काय करायचं?

हा विषाणू सर्वात जास्त कुठं असतो? तीन वर्षांच्या आतल्या पोरांच्या लाळेत आणि लघवीत. पोरगं हसत-खेळत असतं, पण महिनोन्‌महिने विषाणू बाहेर टाकत असतं. आपल्याकडं दुसरेपणाची बाई पहिल्या पोराच्या ताटातला उष्टा भात संपवते. "टाकायचं कशाला?" म्हणते. बाळंतपणाला माहेरी गेली की भावाची पोरं अंगाखांद्यावर. प्रेम कमी करायचं नाही, फक्त एवढं पाळायचं:

- पोराचं उष्टं खायचं नाही, त्याच्या चमच्यानं, पेल्यानं खायचं-प्यायचं नाही
- लंगोट बदलल्यावर, शू-शी धुतल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर साबणानं हात धुवायचे, मनात सावकाश वीस मोजेपर्यंत
- मुका घ्यायचा तर कपाळाचा किंवा डोक्याचा, ओठांचा नाही
- पोराची लाळ लागलेली खेळणी धुवायची

हे नियम पहिल्या तीन महिन्यांत तर पाळाच. मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असतील तेव्हापासून पाळले तर आणखी चांगलं. अंगणवाडीताई आणि आशाताई स्वतः गरोदर असतील तर त्यांनीही. आणि ज्या मुलाला सीएमव्ही आहे असं कळलं, त्याला अंगणवाडीत वेगळं बसवू नका. तो विषाणू तिथल्या दुसऱ्या कितीतरी पोरांत तसाही असतो.

दोष कुणाचा?

शेवटी ही एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. बाळात काही कमी निघालं की घरात बोट बाईकडं जातं. ग्रहणात भाजी चिरली असेल, नको ते खाल्लं असेल. रिपोर्टवर 'हर्पिस' कुळाचं नाव वाचून तर कुणी तिच्या चारित्र्यावर जातं. हा विषाणू तिला बहुतेक तिच्या लहानपणीच, नाहीतर घरातल्याच लेकराच्या लाळेतून लागलेला असतो. ग्रहणाचा संबंध नाही, पापाचा नाही, वागणुकीचा नाही. आमच्या भावकीतल्या त्या आईनं दोन वर्षं टोमणे ऐकले. बेरा झाली त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आधी कुणी सांगितलं असतं तर मीच घेऊन गेले असते."

थोडक्यात

- शंका असेल तर सीएमव्हीची तपासणी २१ दिवसांच्या आत
- कानाची पहिली तपासणी एक महिन्याच्या आत, प्रत्येक बाळाची
- कावीळ १४ दिवसांच्या पुढं आणि पांढरट शी: लगेच दवाखाना
- आईचं दूध चालूच
- टॉर्चच्या एका कागदावर निर्णय नाही
- पोराचं उष्टं नाही, साबणानं हात धुणं कायम

तुमच्या घरात, वाडीत, वस्तीवर कुणी गरोदर असेल किंवा नवं बाळ आलं असेल, तर ही माहिती त्यांच्या मोबाईलवर पाठवा. नुसती पाठवू नका, बाळाचे दिवस किती झाले तेही विचारा.